शुक्रवारचा रविवार

भिवंडीजवळच्या शेलार गावात दौलतच्या घरात रविवार शुक्रवारी यायचा. घरातल्या पोरांना हे बोलता येण्याआधीपासून माहीत असायचं, आणि शाळेत गेल्यावर मात्र त्यांची पंचाईत व्हायची. थोरला कुमार पहिलीत असताना वार म्हणून दाखवायला उभा राहिला आणि गुरुवारनंतर त्याने बिनधास्त रविवार घेतला. बाईंनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि कुमार हातावर छडीचा वळ घेऊन घरी आला. दौलतने त्या हाताला खोबरेल तेल लावलं आणि म्हणाला, "बाईंचं बी बरोबर हाय, आपलं बी बरोबर हाय. शाळेत त्यांचं म्हन." पुढे आठ वर्षांनी धाकट्या विशालने तीच चूक केली तेव्हा बाईंनी छडी उचलली नाही. "दौलतचा का तू?" एवढंच विचारलं.

भिवंडीत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, शुक्रवारी बंद असतात. दौलत निजामपुऱ्यात हाशिमशेठच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे अडलेला लूम मोकळा करून पुन्हा चालू करून देणारा माणूस. रविवारी बाकीचे ख्रिस्ती लोक धुतलेले कपडे घालून चर्चला जात, तेव्हा हा काळ्या हातांनी लूमखाली वाकलेला असे. मग त्याने आपल्या घरापुरता देवाचा वार दोन दिवस अलीकडे ओढून घेतला. देवाने त्याला हरकत घेतल्याचं कोणाच्या ऐकण्यात नव्हतं.

हरकत घेतली ती कुमारने, आणि तीही दौलत गेल्यावर बरोबर वर्षाने.

दौलत गेला तो गुरुवार होता. कामावरून आला, सायकल भिंतीला लावली, पाणी मागितलं आणि बायको रूपा तांब्या घेऊन येईपर्यंत ओटीवर आडवा झालेला होता. वर्ष फिरून तीच तारीख आली ती शुक्रवारी.

"गेला तो पन हिसाबानं गेला," बायजाबाई लसूण सोलता सोलता म्हणाली. "वरीस भरलं का मटनाचाच वार आला पायजे."

बायजाबाई दौलतची थोरली बहीण. वय पंचाहत्तर, घर दोन दारं सोडून. भावाच्या घरात मत द्यायला तिने कधी बोलावण्याची वाट पाहिली नव्हती. दौलत तरुणपणी पाय मोडून चार महिने इस्पितळात पडला होता, तिथून तो पाय आणि येशू दोन्ही धड घेऊन घरी आला, असं ती गावभर सांगायची. आधी चिडून सांगायची, मग सवयीने, आणि गेली काही वर्षं थोड्या अभिमानाने.

चुलीवरच्या... खरं तर गॅसवरच्या, पण रूपा अजून चूलच म्हणायची... टोपात कांदा परतत होता. रूपाने हळद टाकली आणि पदराने कपाळ पुसलं. दर शुक्रवारी लसूण दौलत सोलायचा. मटण आपल्या हाताने धुवायचा, पोरांना ओळीने बसवून नखं काढायचा, आणि शेजारच्या बायका बघत असल्या तरी रूपाची साडी झटकून दोरीवर घालायचा. रूपाच्या देव्हाऱ्यासाठी जास्वंदीची फुलंही तोच आणायचा, रोज सकाळी, न चुकता. तिला त्याने कधी "माझ्या देवाकडे ये" म्हटलं नाही. तिने कधी "माझ्या देवाला हात जोडा" म्हटलं नाही. एकेचाळीस वर्षांत त्यांची भांडणं झाली ती मिठावरून, पोरांच्या अभ्यासावरून आणि बायजाबाईवरून. देवावरून एकही नाही.

"कुमार काय बोलला फोनवर?" बायजाबाईने विचारलं. तिला माहीत होतं. तिला रूपाकडून ऐकायचं होतं.

"आजचा शेवटचा शुक्रवार, असं बोलला. पुढच्या आठवड्यापासून रविवारी सगळी चर्चला. दर्शनाला नाय, काय ते... उपासनेला. मंग जेवन त्याच्या घरी."

"आन तू काय बोललीस?"

"मी काय बोलनार? बापाचा धरम, पोराचा धरम. मी मधी कोन?"

बायजाबाईने पाकळी तोंडात टाकली. ती तिखट लागली असावी, कारण तिचे डोळे बारीक झाले. "तुजा पोरगा सायब झालाय. मानकोलीच्या गोडाऊनमधी मानसांना शिफ्ट लावता लावता आता देवाला बी शिफ्ट लावतोय."

रूपा हसली.  शुक्रवार गेला तर आपलं काय उरतं, हा प्रश्न चार दिवस मनात असूनही तिने कोणाला विचारला नव्हता. शुक्रवारी ती त्या सतरंजीवर बसायची, दौलतच्या उजव्या हाताला, दोन्ही पोरांच्या समोर. चर्चमध्ये तिला जागा कुठली? आणि ज्या कारणाने हा प्रश्न तिला तोंडातून काढता येत नव्हता, ते कारण तर बायजाबाईलाही ठाऊक नव्हतं.

साडेबाराला कुमारची मोटरसायकल आली. मागे बायको रुचिका, मध्ये मुलगी दिशा, आणि कुमारच्या गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र. सुट्टी घेतली होती तरी ते गळ्यात होतंच. काढायचं राहून जातं, असं तो म्हणायचा. विशालच्या मते तो झोपतानाही ते घालायचा आणि स्वप्नात गेटवर दाखवायचा.

विशाल ओटीवर बसून पुतणीची वाट बघत होता. बापाच्याच कारखान्यात, बापाच्याच जागेवर तो जॉबर झाला होता, आणि बत्तीस वर्षांचा होऊनही बिनलग्नाचा होता. लग्नाचा विषय निघाला की तो "बघू" म्हणायचा. बाप्तिस्म्याचा विषय निघाला तरी "बघू"च म्हणायचा. दोन्हीकडे मुलगी बघून ठरवणार असं दिसतंय, असं दौलत एकदा म्हणाला होता. वर्षातून एकदाच विनोद करणाऱ्या माणसाचा तो त्या वर्षीचा विनोद होता.

रुचिका आत आली, सासूच्या पाया पडली आणि न सांगता कोथिंबीर निवडायला बसली. ती श्रीरामपूरकडची. आजोबा चर्चचे पंच, म्हणजे कारभारी मंडळातले, वडील पंच, भाऊ पुढच्या निवडणुकीत पंच होणार होता. लग्नानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी तिला सांगितलं गेलं की आज रविवार आहे, तेव्हा तिला वाटलं नव्या नवरीची गंमत चाललीय. ती खळखळून हसली. कोणीच हसलं नाही. मग दौलतने डोळे मिटले आणि ती घाबरून गप्प झाली. ही गोष्ट ती आता स्वतःच रंगवून सांगायची.

"आई, तुम्ही नाराज नाही ना?" तिने हळू आवाजात विचारलं.

"मी कशाला नाराज?"

"यांचं काही चुकीचं नाही हो. वर्षभर दर शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकतात. वरचे साहेब आता तोंडावर बोलायला लागलेत. आणि चर्चमध्ये आम्ही गेलो की सगळे विचारतात, दौलतराव इतके भाविक, ते कधी का आले नाहीत?"

रूपाच्या हातातला पळा टोपाच्या काठावर आपटला. "लूम होता ना," ती म्हणाली. "रविवारी लूम चालू."

"तेच मी सांगते सगळ्यांना," रुचिका म्हणाली.

बाहेर दोघा भावांचं एव्हाना जुंपलं होतं. आवाज चढलेला नव्हता. दौलतच्या घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती, त्यामुळे भांडणं फार लांबायची.

"तुला शुक्रवार पाहिजे कारण तुला शुक्रवारी सुट्टी आहे," कुमार म्हणत होता.

"आणि तुला रविवार पाहिजे कारण तुला रविवारी सुट्टी आहे. मग देव मधे आणू नकोस ना."

"देव मधे आणू नको? प्रार्थनेत?"

"प्रार्थना कोण करतं पण?" विशाल म्हणाला. "वर्ष झालं, आपण बसतो, एकमेकांकडे बघतो, आणि आत्या म्हणते घ्या जेवून. एकदाच तू केलीस. काय केलीस सांगू? 'हे प्रभू, तुला कळवण्यात येतं की आज घरातले सहाच्या सहा जण हजर आहेत.'"

आतून रुचिकाचं हसू फुटलं. तिने तोंडावर कोथिंबिरीची जुडी धरली.

"मला नाही जमत बोलायला," कुमार म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "बाबांनी शिकवलंच कुठे? ते तर बोलायचेच नाहीत."

हे खरं होतं. दौलत प्रार्थना करायचा म्हणजे फक्त डोळे मिटायचा. शब्द नाही, ओठ हलणं नाही. सगळ्यांनी डोळे मिटायचे, तो आत काय बोलायचा ते त्याला आणि त्याच्या देवाला ठाऊक, आणि शेवटी एकदाच "आमेन" ऐकू यायचं. चोरून डोळे उघडून बघितलं तर त्याच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. बायजाबाईने बरीच वर्षं बघितलं होतं.

"म्हणूनच म्हणतो," कुमार पुढे म्हणाला, "बाबांचं राहिलेलं आपण पुरं करू. त्यांचा नाइलाज होता रे. जन्मभर एक रविवार मिळाला नाही त्यांना. मिळाला असता तर ते पहिल्या बाकावर बसले असते. आपल्यासाठी राबले म्हणून त्यांचं चर्च सुटलं. मला ते टोचतं."

ते ऐकून रूपाने गॅस बारीक केला आणि भिंतीला टेकली. कुमारला टोचत होतं ते काहीच नव्हतं. खरा काटा तिच्याकडे होता, आणि तो तिने चाळीस वर्षं कोणाला दाखवला नव्हता.

दौलत एकदा चर्चला गेला होता. कुमार तेव्हा सहा महिन्यांचा. लूम तीन दिवस दुरुस्तीला बंद होते, त्यात रविवार आला. त्याने रूपाला नवी हिरवी साडी नेसवली, बाळाला टोपडं घातलं आणि एसटीने कल्याणला नेलं. चर्चच्या दारात एका बाईने प्रेमाने तिचा हात धरला, आत चला म्हणाली, आणि रूपाचा पायच उचलेना. आपण आत गेलो तर घरच्या देवांना काय वाटेल, नाही गेलो तर याच्या देवाला काय वाटेल, अशा पेचात एकोणीस वर्षांची रूपा पायरीवर बसली ती बसलीच. दौलत आत गेला. आत गाणी सुरू झाली. बाळ झोपलं. रूपाला नुसतं बसायची सवय नव्हती. समोर चपलांचा ढीग पडला होता, तर तिने त्या चपला जोडीजोडीने लावायला घेतल्या. सगळ्या लावल्या. पुरुषांच्या एका ओळीत, बायकांच्या दुसऱ्या, पोरांच्या तिसऱ्या, त्यातही मोठ्या आधी आणि लहान मागून. घरी ओटीवर लावायची तशा.

उपासना संपली आणि माणसं बाहेर आली. जो तो आपण चपला काढल्या तिथे शोधू लागला. गलका झाला. कोणाच्या पायात कोणाच्या गेल्या, एक म्हातारे गृहस्थ अनवाणीच रिक्षेत बसले, आणि कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "ही कोणाची बाई हो?" दौलत गर्दीतून पुढे आला आणि म्हणाला, "माझी."

परतीच्या एसटीत तो एक शब्द बोलला नाही. पुढच्या शुक्रवारी त्याने घरात सतरंजी अंथरली आणि म्हणाला, आपला रविवार हितंच. पुन्हा चर्चचं नाव काढलं नाही. लोकांना सांगितलं, लूम असतो. रूपाला कळलं होतं. तिने त्याला चारचौघांत खाली बघायला लावलं होतं, आणि हा भला माणूस ते लूमवर ढकलत होता. ज्या बाईने नवऱ्याचा रविवार घालवला, तिने आता मुलाच्या रविवाराच्या आड कोणत्या तोंडाने यायचं?

दीडच्या पुढे हाशिमशेठ आले. जुम्याची नमाज झाली की थेट शेलार, हा त्यांचाही जुना रिवाज. हातात खजुराचा पुडा आणि डोक्यावर अजून टोपी.

"भाभी, नमाज संपली आणि निघालोच. वास कोपऱ्यावर आला. रिक्षावाला बोला, किधर जाना है? मी म्हटलं, नाक जिकडे जातं तिकडे घे."

सगळे हसले. सतरंजी अंथरली गेली. दौलतची भिंतीकडची जागा रिकामी ठेवून सगळे नेहमीसारखे बसले, आणि रूपा ताटं घ्यायला आत वळली. तेवढ्यात कुमारने घसा साफ केला. दिशाने काकाकडे बघितलं आणि विशालने तिला डोळ्याने खुणावलं की आता मीटिंग सुरू होणार.

"हाशिमचाचा, तुम्ही घरचे आहात म्हणून तुमच्यासमोर सांगतो. पुढच्या आठवड्यापासून आम्ही शुक्रवारचं हे बंद करतोय. बाबांना तुमच्या कारखान्यामुळे, म्हणजे कामामुळे, रविवार कधी मिळाला नाही..."

"थांब थांब," हाशिमशेठ म्हणाले. "कोण बोला, नाही मिळाला?"

"लूम रविवारी चालू असायचे."

"लूम चालू असायचे. पण दौलतभाईला रविवार मी दिला होता. मी स्वतः!" हाशिमशेठांनी छातीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. जुना अपमान वर येत होता. "अब्बा गेले, कारखाना माझ्याकडे आला. विशाल तेव्हा चौथी-पाचवीत असेल. शेठ झालो, तर पहिलं चांगलं काम काय करायचं? दौलतभाईला बोलावलं. म्हटलं, शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा येऊन तेलपाणी करा, साफसफाई करा, जॉबरला तेच सोयीचं. आणि रविवारी सुट्टी घ्या, चर्चला जा. मोठ्या शानमध्ये सांगितलं मी, चहा मागवून. आणि या माणसाने काय म्हणावं? नको!"

"नको?" कुमार म्हणाला.

"नको. माझी पहिलीच मेहरबानी, आणि चहा पिऊन परत केली. तीन महिने मी त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण ते तसेही बोलत नसत."

विशाल मोठ्याने हसला. कुमार हसला नाही. "पण का? कारण काय सांगितलं?"

"तेच तर. आजपर्यंत समजलं नाही मला. म्हणाले, शेठ, रविवारी तिथं मला एकट्याला बसावं लागतं." हाशिमशेठांनी हात उडवले. "मी म्हटलं, अरे भाई, चर्च भरून माणसं असतात, एकटे कसे? तर नुसते हसले, कप खाली ठेवला आणि लूमवर गेले. आता तुम्हीच सांगा, हे काय उत्तर झालं?"

 ते उत्तर कळणारं माणूस दारात उभं होतं, एका हातात भाकरीची टोपली घेऊन.

रूपाला आधी काही कळलंच नाही, फक्त कान गरम झाले. मग कळलं, आणि तिला दौलतचा इतका राग आला की तो समोर असता तर तिने भाकरी फेकून मारली असती. आणि त्या रागाच्या खाली तिला तेवढाच आनंद झाला होता. तो लाजला नव्हता. चाळीस वर्षांत एकही दिवस तो लाजला नव्हता.

"कुमार," ती म्हणाली, "तुज्या बापाचा रविवार लूमनं न्हाय खाल्ला. तो माज्या पायी गेला."

मग तिने सगळं सांगितलं. टोपली हातात तशीच. कल्याणचं चर्च, हिरवी साडी, पायरी. चपलाही सांगितल्या. "चाळीस वर्सं मना वाटत व्हतं, माजी लाज वाटली म्हनून त्यांनी चर्च सोडलं. म्हनून मी बोलत नवती. तू रविवार म्हनालास, मी म्हनलं, घे बाबा, तुज्या बापाचा मी घालवला, तुजा कशाला घालवू? आन आता हाशिमशेठ सांगतात, का मी बाहेर बसली म्हनून त्यांना आत एकट्यासारखं व्हायचं. मी नसली तर भरलेलं चर्च त्यांना रिकामं! आन हे मना सोडून शेठला सांगलं!"

ती रडायला लागली.  कुमार उठला आणि त्याने तिच्या हातातली टोपली घेतली, कारण त्याला फक्त तेवढंच सुचलं. मग त्याने टोपली खाली ठेवली आणि आईचा हात धरला, आणि पहिल्यांदाच त्याला कळलं की गळ्यातलं ते ओळखपत्र मध्ये येतंय. त्याने ते काढून खिशात घातलं.

"सगळ्या चपला?" रुचिकाने विचारलं. तिचे डोळेही भरले होते, पण पंचांच्या घरात वाढलेल्या मुलीच्या डोळ्यांपुढे ती पायरी स्पष्ट उभी राहिली होती. "आई, सगळ्या चपला ओळीत लावल्या तुम्ही?"

"मोठ्या आधी, लहान मागून."

रुचिका हसू लागली. आवरायचा प्रयत्न केला तर जास्तच हसू येऊ लागलं. "आमच्या चर्चमध्ये साठ वर्षांत हे कोणाला जमलेलं नाही. पाळकसाहेब दर रविवारी सांगतात, चपला नीट काढा!"

मग बायजाबाई हसली, हाशिमशेठ टोपी काढून हसले, आणि रडता रडता रूपाही हसली. कुमारच तेवढा गंभीर राहिला.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारलं. एवढ्या सगळ्यातूनही त्याला निर्णय हवा होता.

रूपाने पदराने तोंड पुसलं. चार दिवस अडलेला प्रश्न आता सुटला होता, आणि तिला बोलायला काहीच अडचण वाटली नाही.

"तू रविवारी चर्चला जा. बायको-पोरीला घेऊन जा. चांगलंच हाय ते, माजं काय म्हननं न्हाय. पन हितला शुक्रवार बंद व्हनार न्हाय. हा शुक्रवार तुज्या बापानं माज्यासाठी मांडला. तो माजा हाय. तुला सुट्टी गावली तर ये, नाय गावली तर विशालसंगं डबा धाडीन."

"मी अर्धी टाकीन," कुमार म्हणाला. "साहेब बोलले तर बोलले."

"आणि मी दोन्हीकडे येईन," रुचिका म्हणाली. "श्रीरामपूरला कळवू नका म्हणजे झालं. आठवड्यात दोन रविवार करते असं कळलं तर बाबा मलाच पंच करतील."

"पण आई," कुमारने शेवटची अडचण काढली, आणि ती खरोखरची अडचण होती, "प्रार्थना कोण करणार? मला जमत नाही. विशाल बघू म्हणणार. तुला तर येतच नाही."

"तुज्या बापाला तरी कुठं येत व्हती? डोळं मिटून बसायचा."

असं म्हणून रूपा भिंतीकडे गेली आणि दौलतच्या जागेवर बसली. वर्षभर त्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. बायजाबाईने भुवया उंचावल्या, मग आपल्याच गुडघ्यावर थाप मारली आणि सगळ्यांच्या आधी डोळे मिटले. हाशिमशेठांनी मान खाली घातली. विशालने दिशाच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि मग स्वतःचे मिटले.

रूपानेही मिटले. आत अंधार होता आणि बाहेर मटणाचा वास. त्याच्या देवाशी कसं बोलतात ते तिला ठाऊक नव्हतं, आणि आपल्या देवांना इथे हाक मारणं तिला बरं वाटेना. म्हणून तिने ज्याच्याशी बोलता येत होतं त्याच्यापासून सुरुवात केली. तुमी मना सांगलं का न्हाय, ती मनात म्हणाली. एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडत व्हती, तवा सांगायचं. एक वाक्य व्हतं. शेठला सांगायला तोंड उघाडलं ना? दौलत नेहमीसारखा काही बोलला नाही, पण आज पहिल्यांदा त्याच्या गप्प राहण्याने ती थांबली नाही. ती बोलतच राहिली. कुमारचा वळ, विशालचं लग्न, दोरीवरच्या साड्या, वर्षभर देव्हाऱ्याला विकत आणलेली फुलं, सगळं.

बराच वेळ झाला. रश्शावर चरबीची साय धरली. सतरंजीवर कोणीतरी हळूच पाय बदलला.

"रूपे," बायजाबाई मिटल्या डोळ्यांनी कुजबुजली, "झालं का गं?"

"न्हाय बाय," रूपा म्हणाली. "आता कुठं सुरवात झालीय."